मूर्ती घडवायची म्हणून मुंबई सोडावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय सदतीस, कांदिवलीत वन बीएचके, संगणकासमोरची नोकरी. गेल्या श्रावणात एका कार्यशाळेत शाडूचा गणपती केलात आणि कित्येक वर्षांनी डोकं शांत झालं. आता नोकरी सोडून कर्जत-मुरबाडकडे एकरभर जमीन घ्यावी, पोटापुरती शेती करावी, तिथल्याच मातीच्या मूर्ती घडवाव्यात आणि तीच साधना मानून राहावं, असं मनात घोळतंय. हे जमण्यासारखं आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी शाडूच्या मूर्ती करते. काम शिकले गिरगावातल्या एका कारखान्यात. लग्न होऊन गोराईला आले. घरामागे भाताचं शेत, थोडी भाजी, चार नारळ. पत्ता मुंबईचाच, पण बोरिवलीला जायचं तर आधी होडी पकडायची. सासूबाई अजून स्वतः लावणीला उतरतात. त्यामुळे तुम्ही मागताय ते आयुष्य मी साधारण जगते, फक्त त्याला साधना म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

आधी सरळ सांगते. मूर्तीचं काम लगेच सुरू करा. जमिनीचा विचार निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक चतुर्थी उलटेपर्यंत बाजूला ठेवा. बाकी पुष्कळ गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. घरी कोण अवलंबून आहे, डोक्यावर कर्ज आहे का, जोडीदाराला गावाकडे राहायचंय का, कंबर कशी आहे. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी त्यावर बोलणार नाही.

तुम्ही विचारलंय जमिनीबद्दल, पण मला त्यात दुसरा प्रश्न दिसतो: त्या दुपारची शांतता रोज कशी मिळेल? तर त्या दुपारी काय काय नव्हतं ते आठवून बघा. माती कुणीतरी चाळून, भिजवून, मळून हातात दिली होती. मूर्ती वाळेल की तडकेल याचा घोर नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं नव्हतं. बांध फुटलाय का ते बघायला भर पावसात जायचं नव्हतं. जमीन घेतलीत की हे सगळं एकदम अंगावर येतं. शेतीने मन शांत होतं असं म्हणणारी बहुतेक माणसं मला शेती न करणारीच भेटली आहेत.

कॅलेंडर समोर ठेवून बघा. आमच्याकडे पावसाआधी राब (रोपांसाठीची जागा, पालापाचोळा घालून) भाजून होतो, मृगाच्या आसपास पेरणी, आषाढात लावणी. आता गणपतीचं बघू. भाद्रपदाची चतुर्थी कधी ऑगस्टच्या उत्तरार्धात येते, कधी सप्टेंबरात. त्याआधी मूर्ती सुकायची, घासायची, रंगवायची, डोळ्यांची आखणी व्हायची. म्हणजे घडवण्याचं काम आषाढ संपता संपता हातावेगळं व्हायलाच हवं. शेतातला चिखल आणि घरातला चिखल तुम्हाला एकाच पंधरवड्यात बोलावतात, आणि दोघांपैकी कुणीच थांबत नाही. रोप जून झालं तर लावणी फुकट जाते. अर्धवट घडवलेला गोळा झाकायचा राहिला तर सकाळी त्यावर पुढचा थर बसत नाही.

त्यात पावसाची हवा. मुंबईच्या जुलैत कपडे वाळत नाहीत, तर शाडू काय वाळणार? वरून कोरडा वाटतो, आत ओलाच असतो. पंखा लावून घाई केली की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला तसाच राहतो, आणि भेग जाते. ती बहुतेक वेळा मानेपाशी, सोंडेच्या वळणावर किंवा हात धडाला जोडलाय तिथे. मोठ्या कारखान्यांतून प्रखर दिवे लावून सुकवतात. माझ्या मूर्ती लहान असतात, म्हणून मी उलटं करते: पहिले काही दिवस ओलसर फडकं घालून ठेवते, सुकणं मुद्दाम लांबवते. बूड आतून कोरून पोकळ करते म्हणजे आतूनही हवा लागते. अंग सगळीकडे साधारण एका जाडीचं ठेवलं तर निम्म्या भेगा पडतच नाहीत. तरी पडली तर त्याच मातीची कोरडी पूड डिंकाच्या पाण्यात घट्ट कालवून भरायची. पातळ राबडी भरली तर ती स्वतःच आकसते आणि भेग पुन्हा उघडते.

मग कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या कसं जमलं? तिथे गणपतीच्या शाळा असतात. गिऱ्हाईक आपला पाट शाळेत नेऊन देतं आणि मूर्ती त्याच पाटावरून घरी येते. मूर्तिकार दिवसा लावणीला, संध्याकाळनंतर शाळेत. पण तो एकटा नसतो. कुणी माती मळतं, कुणी पॉलिशपेपर फिरवतं, बायका रंग कालवतात, पोरं मुकुटाचे मणी करत बसतात, शेजारचा आजोबा नुसता गप्पा मारतो. जमिनीजवळची ही कला घराची आणि वाडीची होती. एकांतात बसून, गप्प राहून मूर्ती घडवणं ही आपली शहरातली कल्पना आहे. कल्पना वाईट नाही, मलाही पहाटे एकटीने काम करायला आवडतं. पण एकटा माणूस शेत आणि मूर्ती दोन्ही सांभाळायला निघाला तर दोन्हीकडे मजूर लावावे लागतात, मग मजुरी भागवायला जास्त मूर्ती, मग साचे, आणि शेवटी तुम्ही पुन्हा एका कारखान्याचे मॅनेजर.

इथे थोडं आडवाटेने जाते. जमिनीजवळची माणसं देवासाठी काय काय करतात ते कधी नीट पाहिलंय? नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढतात आणि त्या दिवशी नांगर धरत नाहीत, चिरत-कापत नाहीत. पोळ्याला मातीचे बैल. कुठे तेरड्याची गौर आणतात, कुठे पाणवठ्यावरचे खडे गौर म्हणून घरी येतात. तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला कवंडळं, कांगण्या, सुपारीचे घड, नारळ, आंब्याचे टाळे, जे त्या दिवसांत रानात असेल ते. गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगते. नवं भात आलं की लोंब्या, कुरडू, झेंडू आणि आंब्याची पानं एकत्र करून दाराला बांधतात. आमच्या इथले ईस्ट इंडियन शेजारी, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन, त्याच सुमाराला आगेरा करतात, नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. यातलं काहीही टिकवण्यासाठी केलेलं नसतं. त्याच्यासाठी कुणी वेगळा वेळ काढत नाही, तिथीच तो काढायला लावते. आणि यातलं निम्मं कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये होतं. रानातून येतं ते सगळं चतुर्थीच्या आदल्या दिवसांत दादरच्या बाजारात विकायला बसलेलं असतं. ज्या बाया ते घेऊन येतात त्यांच्याशी दोन शब्द बोला. कुठलं फळ कुठून आणलं, यंदा काय कमी आलं, हे त्या सांगतात. माझ्या मते जमिनीशी ओळख सातबारावर नाव लागायच्या आधी अशीच व्हायला हवी.

आता 'तिथल्याच मातीच्या मूर्ती' याबद्दल. हा भाग मला जरा सविस्तर लिहायचाय, कारण इथे बहुतेकांचा हिरमोड होतो.

शाडू तुमच्या शेतात निघणार नाही. मुंबईत मिळणारा शाडू बहुतांश गुजरातकडून गोण्यांतून येतो. मी जमिनीवर राहते, पण माझी माती ट्रकने येते, हे मी लपवत नाही. कोकणपट्टीची तांबडी जांभ्याची माती खरखरीत असते, तिला चिकटपणा कमी; बोटभर सोंड वळवायला गेलात की तुकडा पडतो. खाजणातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण तिच्यात मीठ असतं. सुकताना ते वर येऊन पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं आणि रंग सोलून काढतं. शिवाय खाडीकाठची कांदळवनं कायद्याने राखलेली आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासह संरक्षण कायम केलं. तिथे फावडं घेऊन जाऊ नका.

तरीही जिथे राहाल तिथली माती तपासून बघण्यासारखी असते. भातखाचराच्या तळाची, उन्हाळ्यात तळं आटल्यावरच्या गाळाची, विहीर खणताना खालून निघालेली. मूठभर ओली करून पेन्सिलीएवढी वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. तडा न जाता फिरली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. मग बरणीत पाणी घालून ढवळायची आणि रात्रभर ठेवायची. रेती तळाला बसते, त्यावर पोयटा, अगदी वर चिकण. वरचा थर पातळ असेल तर ती माती कुंडीला द्या. जाड असेल तर कालवून फडक्यातून गाळायची, निवळू द्यायची, वरचं पाणी ओतायचं आणि उरलेली माती कापडात बांधून टांगायची. पाणी निथळलं की मळायला घ्यायची. हे काम तुम्हाला आवडतं का, ते बघा. मूर्तीला हात लागण्याआधीचे हे कंटाळवाणे तास ज्याला आवडतात तो या धंद्यात टिकतो. मळणं नीट शिकायचं असेल तर धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन नुसतं बघा. ती माती वेगळी आणि काम चाकावरचं, पण मळताना पूर्ण अंगाचा भार कसा टाकायचा ते तिथे दिसतं. मनगटाने मळणाऱ्याचं मनगट महिन्याभरात दुखायला लागतं.

स्थानिक मातीची मूर्ती करायचीच असेल तर लहान करा, जाडसर करा, पातळ हात-दागिने काढू नका आणि रंगवू नका. अशा मूर्तीला सोंड पोटाशी चिकटलेली, हात मांडीवर टेकलेले बरे. माती जे पेलते तेवढंच रूप द्यायचं.

शाडू पर्यावरणाचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हेही सांगून ठेवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सुधारित सूचना काढल्या, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्यामुळे बरेच जण शाडूकडे वळले. शाडूही कुठून तरी खणूनच आणलेला असतो, आणि छोट्या तळ्यात शेकडो मूर्ती गेल्या की तो गाळ तिथेच बसतो. मी घरची मूर्ती बादलीत विसर्जित करते. रंग नसेल तर बहुतेक रातोरात विरघळते. माती बसली की पाणी झाडांना, माती गाळून उन्हात, आणि पुढच्या वर्षी तीच गोणी. कुणी विचारतं, देवाची माती परत कशी वापरता? उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, की प्राणप्रतिष्ठा संपली. उरते ती माती. माझ्या गुरुजींनी यात दोष दिसत नाही असं सांगितलं; तुमचे वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका.

रंगांचं थोडक्यात. गेरू, पिवडी, खडू, काजळी एवढ्यावर पहिलं वर्ष काढा, बाभळीच्या डिंकात. हळद सुंदर दिसते पण उजेडात उडते. पावसाळ्यात डिंकाच्या वाटीला बुरशी येते. लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब टाकले की काही दिवस तग धरते.

आता साधनेकडे येऊ. मी कुणाला ध्यान शिकवत नाही. हातांना काय शिकवते ते सांगते.

एकच मूर्ती करा. बसलेला गणपती, वीतभर, डाव्या सोंडेचा, चार हात: पाश, अंकुश, मोदक आणि अभय. वर्षभर हीच, याच मापाची. शिल्पशास्त्रात गणपती पंचताल सांगितला आहे, म्हणजे चेहऱ्याच्या लांबीच्या पाचपट उंची. काडीवर खुणा करून ती काडी शेजारी ठेवा. बैठकीपासून वर जायचं: आधी पाट, मांड्या, पोट, छाती, मग डोकं, सोंड, हात, सगळ्यात शेवटी कान. दरवेळी पोज बदलली, फेटा घातला, उंदीर पळवला, की मन कल्पना लढवण्यात गुंततं. तेच तेच रूप केलं की काही काळाने कल्पना संपतात आणि कंटाळा येतो. तुम्ही ज्या शांततेच्या शोधात आहात ती या कंटाळ्याच्या पुढे कुठेतरी असते, रोज नसते. ज्या दिवशी नसते त्या दिवशीही कान जोडायचेच असतात.

झालेल्या मूर्ती सगळ्या ठेवू नका. बऱ्याचशा न सुकवता परत गोळ्यात मोडा. देव कसा मोडायचा म्हणून नवशिके बिचकतात. अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नसते. तो आकार असतो. पण हात अडखळतो हेही खरं आहे, आणि तो अडखळू द्यावा. माझ्या अनुभवात, मोडायला शिकल्यावर माणूस घडवताना दिखाऊपणा कमी करतो.

डोळ्यांची आखणी मात्र सकाळच्या उजेडातच, आणि पोटात काहीतरी असताना. उपाशीपोटी हात थरथरतो. हे सांगायला मला कुठल्या ग्रंथाचा आधार नाही, ब्रशचा आहे.

साधनेची गोष्ट निघाली की लोक गोरोबाकाकांचं नाव घेतात. माती तुडवता तुडवता नामात इतके रंगले की पायाखाली आपलं लेकरू आलेलं कळलं नाही, अशी कथा. ती भक्तीची थोरवी म्हणून सांगतात. मी आई आहे, मला ती ऐकवत नाही. मला सावता माळी जवळचे वाटतात. मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला असं सांगतात. तुम्ही घर, नोकरी, माणसं सोडून निघण्याच्या बेतात आहात म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात कुणी लहान असेल तर त्याच्या हातात एक गोळा द्या. शांतता बिघडेल, पण ते चालतं.

जमिनीचं कायद्याचं दोन वाक्यांत. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि आदिवासींच्या नावावरची जमीन बिगर-आदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही, कर्जत-मुरबाड पट्ट्यात हे हमखास आडवं येतं. गुंठ्यावर फार्महाऊस प्लॉट विकणाऱ्या जाहिरातींना भुलू नका, सातबारा आणि फेरफार वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. गावी आजोबांची जमीन भावकीत पडून असेल तर आधी तिकडेच बघा. शेतकरी असल्याचा पुरावाही तिथेच मिळेल, आणि लावणीला दोन हात घेऊन गेलात तर भावकी तुमच्याशी बोलायलाही लागेल. एक लावणी आणि एक कापणी अशी पाहुणा म्हणून करून बघा, रजा टाकून. कमरेचं उत्तर तुम्हाला मिळेल.

राहिला पैसा. हे काम हंगामी आहे. मिळकत चतुर्थीच्या आधी येते आणि ती वर्षभर पुरवावी लागते. बाकीचे महिने मी कार्यशाळा घेते, साचे दुरुस्त करते, भाजी विकते. नोकरी चालू असताना तुमच्या मूर्तीवर पोट अवलंबून नाही, म्हणून ती तुम्हाला हवी तेवढी सावकाश करता येते. ही चैन आहे, ती घाईने घालवू नका. आणि मूर्ती मोठी करण्याच्या मोहात पडू नका. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासून बसतो आणि अजून लहान शाडूचाच असतो. आरतीला गर्दी कमी होत नाही.

विकल्यावर साधना उरते का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. उरते, पण ऑर्डर घेतल्यावर मूर्तीची तारीख दुसऱ्याच्या हातात जाते, आणि 'ताई, जरा सोंड बारीक करा ना' ऐकून घ्यावं लागतं. त्याला तयार व्हायला वेळ लागतो. दिवाळी झाली की हवा कोरडी असते, पहिल्या मूर्ती तेव्हा करा, तडकण्याचं दुःख कमी होईल. मग येत्या पावसात त्याच मूर्ती पुन्हा करून बघा, म्हणजे हवेचा फरक हाताला कळेल. चतुर्थीला घरी स्वतः केलेली एकच बसवा. पहिल्या वर्षी बाहेरची ऑर्डर घेऊ नका. नातेवाइकांची तर मुळीच नको, ते पैसे देत नाहीत आणि सोंडेबद्दल सगळ्यात जास्त तेच बोलतात.